भाड्याची गाडी, दोन आत्या

ॲडलेड, ८ फेब्रुवारी १९८८

लाडक्या एर्सिलिया आत्या,

उभी असशील तर आधी बस. आम्ही येतोय! मी आणि पप्पा, मे महिन्यात. तिकिटं काढली, पैसे भरले, आता माघार नाही. "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत तुझ्या भावाने माझं सगळं आयुष्य काढलं. परवा टोमॅटोच्या वाफ्यात उभा होता, एकदम आत आला आणि म्हणाला, "ओर्नेला, या वर्षी जायचं." मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा म्हणाला असता, पुढच्या वर्षी.

आता बेत ऐक. नेपल्सला विमानातून उतरायचं आणि तिथेच गाडी भाड्याने घ्यायची. ड्रायव्हर नाही हं, मीच चालवणार. फिलोमेना आत्याचं कोल्लेमारो तुमच्या रोक्कास्कुराच्या समोरच्याच डोंगरावर आहे ना? पप्पा म्हणतात, तुझ्या खिडकीतून तिच्या घरचा धूर दिसतो. म्हणजे सकाळची कॉफी तुझ्याकडे, दुपारचं जेवण तिच्याकडे, आणि एक दिवस तुम्हा दोघींना मागच्या सीटवर बसवून समुद्रावर! तिघं भावंडं एका टेबलाशी बसलेली मला एकदा बघायची आहेत. चौतीस वर्षांची झाले, अजून तुम्हाला फक्त फोटोत बघतेय.

पप्पा विचारतात, चौकातला बाक अजून आहे का?

तुझी,
ओर्नेला


रोक्कास्कुरा, २७ फेब्रुवारी १९८८

ओर्नेला पोरी,

तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधीच गावाला कळलं होतं. पाकीट पोस्टमनने उजेडात धरून बघितलं असणार, नाहीतर न्हावी झेफेरिनोने मला रस्त्यात थांबवून "दोनातो येतोय म्हणे" असं कसं विचारलं? मी दिवसभर रडले. दुसऱ्या दिवशी गाद्या उन्हात टाकल्या.

बाक आहे. त्याच्यावर तीच माणसं बसतात, फक्त म्हातारी झालीत.

आता गाडीचं. गाडी अजिबात घेऊ नकोस. नेपल्समध्ये लाल दिव्याला थांबलं तर मागचा शिव्या देतो, नाही थांबलं तर समोरचा. तुम्ही तिकडे डावीकडून चालवता, आम्ही उजवीकडून. भाड्याच्या गाड्यांचे ब्रेक कुणी बघत नाही. आणि पेट्रोल! पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको. नेपल्सहून काम्पोबास्सोला बस येते, तिथून दुसरी बस थेट आमच्या चौकात सोडते. ड्रायव्हर चांगला आहे, दोनातोच्या गुडघ्यांना त्रास होत असेल तर हात धरून उतरवेल. एकदा इथे पोचलात की कुठे जायचं कामच नाही. सगळं पायाशी आहे.

कोल्लेमारोचं म्हणशील तर तिकडचा रस्ता पावसाने खचलाय. पार दरीत गेला. आणि फिलोमेनाची तब्येत बरी नसते, तिला माणसांचा त्रास होतो. तिला इकडे बोलावूही नये. मी तुमचा निरोप पोचवीन.

तर ठरलं, बस. गाडीचे पैसे परत माग.

तुझी आत्या,
एर्सिलिया


ॲडलेड, १९ मार्च १९८८

लाडक्या आत्या,

तुझं पत्र मी पप्पांना दोनदा वाचून दाखवलं. (हल्ली त्यांना स्वतः वाचायचा कंटाळा येतो.) "डोंगराच्या वळणावर पोरीचं काय होईल याची एर्सिलियाला धास्ती वाटते," ते म्हणाले. आत्या, किती गं काळजी करतेस! म्हणून मी काय केलं सांगू? शिकवणी लावली! इथे आमच्या गाड्या आपोआप गियर बदलतात, तिकडे हाताने बदलावे लागतात म्हणे. मग शेजाऱ्याची जुनी खटारा गाडी मागून आणली आणि दर रविवारी बाजारामागच्या रिकाम्या मैदानात सराव करते. पप्पा शेजारी बसतात, मान मागे टेकवतात आणि इंजिनच्या आवाजावरून सांगतात, "आता दुसरा टाक. रडतंय ते, ऐकू येत नाही का? दुसरा!" पहिल्या दिवशी मी कुंपण पाडलं. आता नाही पाडत.

सगळ्यात छोटी गाडी सांगून ठेवली आहे. तुमच्या गल्लीतून गाढव जातं तर तीही जाईल.

फिलोमेना आत्यालाही पत्र टाकलं होतं. तिचं उत्तर आलं. अख्खं पत्र असं: "या. जेवायलाच या. घरीच असते." बस्स. आजारी माणसाला लिहायचं बळ नसेल, म्हणून मला वाईट वाटलं. पण तब्येतीबद्दल तिने काही लिहिलं नाही. फारच सोसणारी दिसते.

रस्ता मेपर्यंत दुरुस्त होईलच. नाही झाला तर तू आहेसच की वाट दाखवायला!

ओर्नेला


रोक्कास्कुरा, १० एप्रिल १९८८

ओर्नेला,

दोनातोची पोरगी शोभतेस. नाही म्हटलं की पाय अजून पुढे.

बरं, घे गाडी. मोठ्या रस्त्यावरून उतरल्यावर पहिला पेट्रोल पंप लागेल, तिथे काही विचारू नकोस, तो माणूस सगळ्यांना त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलात पाठवतो. पुढे पाण्याची मोठी कुंडी दिसेल, तिथून डावीकडे वर. मग वरच जायचं. इंजिन दमलं असं वाटेल तेव्हा गाव आलं समज. गाडी चौकातच ठेव. गल्लीत घालू नकोस. हे मी दोनदा लिहिते: गल्लीत घालू नकोस.

कोल्लेमारोला जायचं असेल तर तुम्ही दोघं जा. मला गाडीत मळमळतं.

भिंतींना रंग दिला. स्वयंपाकघर पूर्वी पिवळं होतं, आता छान निळं केलंय. दोनातोला काही सांगू नकोस, आल्यावर बघेल.

एर्सिलिया


नेपल्स, २४ मे १९८८

लाडक्या आत्या,

विमान उद्या आहे. पप्पा झोपलेत, आणि मला तुला लिहिल्याशिवाय चैन पडेना. काल आम्ही गाडीतून हात हलवत निघालो तेव्हा मागे चौकात तू इतकी लहान दिसत होतीस की मी वळणावर गियरच विसरले.

पहिल्यांदा माफी. तुझा तांबड्या फुलांचा डबा आणि झेफेरिनोच्या खिडकीची फळी. खरं सांगते, तू गल्लीत घालू नको म्हणालीस ते मला पाठ होतं. पण तू ज्या गाडीसाठी सांगितलं होतंस ती गाडीच मिळाली नाही! काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "बाई, छोट्या सगळ्या गेल्या. एकच उरलीय." आणि दाखवली ती नऊ जणांची, यात्रेकरू नेतात तसली. आम्ही दोघं माणसं! मागे सात रिकाम्या सीटा. पप्पा म्हणाले, "घे. गावात शिरताना बरी दिसेल." चौकात लग्नाचं वऱ्हाड उभं होतं, जागा नव्हती, मागून पाववाल्याचा भोंगा वाजत होता, मग मी वळले आणि शिरले. पुढचं तुला माहीत आहे. मला आवाजावरून वाटलं चर्चच पडलं.

पण आत्या, तिथे अडकले म्हणून मला एक गोष्ट कळली. अर्धं गाव गाडी मागे ढकलत होतं आणि झेफेरिनो माझ्या खिडकीशी उभा राहून आरसा आत दाबत होता. दाबता दाबता म्हणाला, "ही एवढी मोठी गाडी आणलीस ती दोघी बहिणींना एकत्र बसवायला का? मग दोन आणायला हव्या होत्या." मी विचारलं, का? त्याने सगळं सांगितलं. तुझ्या मुलाच्या, एर्मान्नोदादाच्या लग्नात फिलोमेना आत्याला स्वयंपाकघराच्या दाराशी, बँडवाल्यांच्या टेबलावर बसवलं गेलं. केक कापायच्या आधी ती उठून गेली, आणि तेव्हापासून, दहा-अकरा वर्षं, तुम्ही एकमेकींशी अक्षर बोलला नाहीत!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नेपल्सचे लाल दिवे, पेट्रोल, ब्रेक, मळमळ! आणि मी खुळी इकडे कुंपणं पाडत होते.

आणि देवाची करणी बघ. फेब्रुवारीत तू मला खचवून दाखवलेला रस्ता मेमध्ये खरोखरच खचला. नाहीतर तू कसली येतेस आमच्याबरोबर! वरच्या ओकच्या जंगलातली वाट गावात फक्त तुला आणि लाकूडतोड्यांना ठाऊक. तू शेवटच्या सीटवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेलीस आणि दर वळणाला बजावत होतीस, "मी दारापर्यंत दाखवीन. खाली उतरणार नाही." पप्पा पुढून म्हणाले, "नको उतरूस. गाडीचं भाडं भरलंय, बसून राहा."

आम्ही आत जेवायला बसलो. फिलोमेना आत्याने टेबलावर चार ताटं मांडली होती. तुझं नाव तिने एकदाही काढलं नाही, आणि चौथं ताटही उचललं नाही. पप्पा मजेत होते, पोटभर जेवले. मग मी भांडी घासायला गेले आणि मोरीवरच्या खिडकीतून बघते तर काय! फिलोमेना आत्या फडक्याने झाकलेलं ताट घेऊन तरातरा गाडीकडे चाललीय. पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. ती सगळ्यात पुढे, तू सगळ्यात मागे, मधे रिकाम्या सीटा. दोघींची तोंडं समोर. कुणी मागे बघेना, कुणी पुढे सरकेना. माझ्या हातातलं भांडं निथळून वाळलं तरी तुम्ही तशाच. मग मी उरलेली भांडी घासायला वळले आणि एकदम भोंगा वाजला, लांबच लांब! मला वाटलं मारामारी झाली. धावत आले तर तुम्ही दोघी शेजारी शेजारी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताय.

परतताना मी तीनदा विचारलं, तू तीनदा "रस्त्याकडे बघ" म्हणालीस. आता रस्ता नाही, मी खाटेवर बसलेय. सांग ना आत्या. त्या लग्नाच्या खुर्चीचा शेवटी काय निकाल लागला? माफी कुणी मागितली?

गाडी आज दिली. काउंटरवरच्या पोराने तिच्या कडेवर झेफेरिनोच्या भिंतीचा हिरवा रंग बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "डोंगरातलं गाव ना? सगळ्या असाच रंग घेऊन येतात."

तुझी,
ओर्नेला


रोक्कास्कुरा, ७ जून १९८८

ओर्नेला पोरी,

डबा गेला तो गेला. झेफेरिनोने फळी बसवली आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवतो, जणू तोफगोळा लागला होता.

खुर्चीचं विचारतेस. खुर्चीचा विषय निघालाच नाही.

ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. तुम्ही आत जेवत होता आणि मी गाडीत बसून तिच्या दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मनात ठरवलं होतं, ती बोलायला आली तर काय काय ऐकवायचं. दहा वर्षांचं साठलेलं होतं, सगळं ओळीने लावून ठेवलं. ती आली, पुढे बसली. चाकावर दोन्ही हात ठेवले, जसं काही आता कुठे निघायचंय. आणि मागे न वळता म्हणाली,

"एर्सिली, त्याला दिसत नाही."

मी म्हटलं, "कुणाला? काय दिसत नाही?"

"दोनातोला. जेवण झाल्यावर मी आईचा फोटो दिला त्याच्या हातात, विहिरीपाशी उभी असलेला. माझ्याकडून उलटा दिला गेला, डोकं खाली. त्याने हातात धरला, तसाच. बराच वेळ बघितला. म्हणाला, 'आई किती छान दिसतेय गं यात.'"

पोरी, माझी ती लावून ठेवलेली ओळ कुठे गेली कुणास ठाऊक. कारण एकदम मला सगळं आठवायला लागलं. आल्या दिवशी चौकात झेफेरिनोने टोपी काढली तर तुझा बाप त्याच्या बाजूने सरळ निघून गेला. मला वाटलं, परदेशात राहून शेफारला. माझ्या निळ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "तोच पिवळा ठेवलास, बरं केलंस." मला वाटलं, एवढा रंग दिला, याने नजरसुद्धा टाकली नाही. मी दोन दिवस मनात फुगून होते. देवा रे.

मी म्हटलं, "ताई, त्याने माझ्या भिंती पिवळ्या म्हटल्या."

तिने विचारलं, "मग कुठल्या आहेत?"

"निळ्या."

मग ती वळली. दहा वर्षांनी तिचं तोंड मी इतक्या जवळून बघितलं. म्हातारी झालीय ती. मीही झाले असणार, कारण तीही तसंच बघत होती. म्हणाली, "पोरगी भांडी घासतेय, तिला कसं सांगू? शेजारणीला सांगितलं तर गावभर. आणि माझ्याएवढं रडायला येणारं माणूस एकच, ते बाहेर गाडीत बसलेलं." मग आम्ही रडलो. मी उठून पुढे तिच्या शेजारी गेले, कारण तिच्याकडे रुमाल होता.

मग तिने विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, "बोलावलंस कुठे?" ती म्हणाली, "चौथं ताट काय भिंतीसाठी मांडलं होतं?" मी म्हटलं, "मला गाडीतून ताटं मोजता येत नाहीत." तिने फडकं काढून ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि फडकं ठेवायला जागा करता करता तिचं कोपर भोंग्यावर पडलं. तो थांबेना! ती कोपर काढायचं सोडून मलाच म्हणते, "बंद कर, बंद कर!" तेवढ्यात तू ओले हात घेऊन धावत आलीस. म्हणून हसत होतो.

रस्सा खारट होता. तिला बोलले नाही.

आता तू सांग. तुला माहीत होतं ना? "हल्ली वाचायचा कंटाळा येतो" म्हणे. मी काय दूधखुळी आहे?

आत्या


ॲडलेड, २ जुलै १९८८

लाडक्या आत्या,

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं, घरात नाही. मग घरी जाऊन पप्पांना वाचून दाखवताना फुलांच्या डब्याचं, फळीचं आणि खारट रश्शाचं तेवढं वाचलं. ते इतके हसले की खोकला लागला.

हो, मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी त्यांनी आमची गाडी दुकानाच्या पायरीवर चढवली आणि म्हणाले, "पायरी पुढे आणलीय कुणीतरी." डॉक्टरांनी सांगितलं, नजर मधल्या भागातली जातेय, कडेकडेचं राहील, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. शस्त्रक्रिया नाही, चष्मा नाही. त्यांनी घरी येऊन मला माझ्या आईच्या फोटोसमोर उभं केलं आणि शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही, बहिणींना तर नाहीच. "त्यांच्या आठवणीत मी मुलूखभर हिंडणारा आहे. तसाच राहू दे." मी शपथ घेतली, आत्या. काय करणार होते?

फेब्रुवारीत ते वाफ्यातून उठून आत आले त्या दिवशी त्यांनी पिकलेले समजून सगळे हिरवे टोमॅटो तोडले होते. म्हणून मी काही न विचारता तिकिटं काढली.

तिकडे असताना मी त्यांच्या डावीकडून चालायची आणि हळूच सांगायची: पायरी, ओहोळ, झेफेरिनो. चौकात झेफेरिनोच्या वेळी मीच गाडीची किल्ली शोधत होते.

त्यांना अजून वाटतं, तुम्हाला कुणाला काही कळलं नाही. वाटू दे, होय ना? सध्या ते संध्याकाळी तुझी जुनी पत्रं काढतात, नुसती हातात धरतात. उघडतात, घडी घालतात, पुन्हा ठेवतात. मी वाचून दाखवू का विचारलं की म्हणतात, "तू वाचलंस की सगळं तुझ्या आवाजात येतं."

आम्ही बरे आहोत. मनाला लावून घेऊ नकोस.

ओर्नेला


रोक्कास्कुरा, १४ ऑगस्ट १९८८

ओर्नेला पोरी,

सोबतच्या डबीत कॅसेट आहे. फुटू नये म्हणून लोकरीच्या मोज्यात घातलीय, मोजा दोनातोचा, दुसरा पाय मागाहून पाठवीन.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांकडे गेले. ते प्रवचनं भरतात ते यंत्र मागितलं. त्यांनी विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, धर्मकार्य आहे. मग फिलोमेनाला बारमधून फोन केला. पहिल्यांदा! फोनवर ती "कोण?" म्हणाली, मी "मी" म्हटलं, ती म्हणाली "मग बोल की." अर्धा बार कान लावून बसला होता.

आमच्या दोघींचा आवाज एकत्र भरायचा असं ठरलं. आता कुणी कुणाकडे जायचं, यावर दोन आठवडे गेले. ती म्हणाली, थोरली मी. मी म्हटलं, यंत्र माझ्याकडे. ती म्हणाली, यंत्राला पाय आहेत का? मी म्हटलं, तुला आहेत ना? शेवटी झालं एकदाचं. कुणाच्या घरी, ते विचारू नकोस. जी गेली ती का गेली आणि जी घरी राहिली तिने काय म्हणून मिरवायचं, असली भानगड नको, म्हणून आम्ही दोघींनी ठरवलंय की कुणालाही सांगायचं नाही. एर्मान्नोने तूरिनहून फोन करून विचारलं, त्यालाही नाही सांगितलं.

आत काय आहे ते दोनातोबरोबरच ऐक. शिस्तीत सुरू केलं होतं. नमस्कार, तब्येत, द्राक्षं. मग आमच्या लहानपणच्या खेचरावर गाडी गेली आणि ताईचं म्हणणं पडलं की ते करडं होतं. करडं! पुढे थोडं भांडण भरलं गेलंय. बटण कुठलं दाबायचं ते सापडेना, म्हणून शेवटी बराच वेळ नुसता आवाज आहे, भांड्यांचा, कोंबड्यांचा. तेवढं सोडून दे.

आत्या


ॲडलेड, ९ सप्टेंबर १९८८

लाडक्या आत्या,

कॅसेट आली. मोजा पप्पांनी लगेच पायात घातला.

रविवारी दुपारी आम्ही ऐकली. नमस्कार-चमत्काराला ते मान डोलवत होते. खेचरावर आलात तशी त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, "दोघी मूर्ख! काळं होतं, पुढचा एक पाय तेवढा पांढरा!" मग तुम्ही जशा भांडायला लागलात तसे ते कॅसेटशी भांडायला लागले. एर्सिलिया, तिला बोलू दे! फिलोमेना, तू तेव्हा गावात तरी होतीस का! शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, पाहुणे आलेत का म्हणून.

मग तुमचं बोलणं संपलं आणि तो नुसता आवाज सुरू झाला. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." भांडी वाजत होती. खुर्ची सरकली. कुणीतरी कोंबड्यांना हाकललं. लांबून चर्चची घंटा झाली. पप्पांनी हात वर केला. "मागे घे." मी मागे घेतली. पुन्हा घंटा. "अजून एकदा." मग ते खुर्चीत मागे टेकले आणि तोंडभर हसले.

"कोल्लेमारोची," म्हणाले. "तिला तडा आहे. आमची अशी नाही वाजत, आमची गोल वाजते. म्हणजे एर्सिलिया गेली. एर्सिलिया डोंगर उतरून फिलोमेनाकडे गेली!"

आत्या, मी शपथेवर सांगते, मी एक शब्द बोलले नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "या दोघी पत्र सोडून आवाज का पाठवायला लागल्या?" मी कॅसेट काढायला वळले. म्हणाले, "फोटो उलटा होता ना? वाटलंच. फिलोमेनाने दिला आणि मी बोललो, तेव्हा तिचा श्वास अडकला. मला ऐकू आलं. नंतर ती ताट घेऊन बाहेर गेली." मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडतेस काय? दहा वर्षं त्या दोघींना मी पत्रांतून समजावून दमलो, आणि एक फोटो नीट धरता आला नाही म्हणून काम झालं."

म्हणजे तुमचं भांडण त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं! तुम्ही दोघी वेगवेगळं त्यांना लिहीत होता आणि कुणाला सांगू नका म्हणत होता. आपल्या घरात शपथा फार झाल्या, आत्या. आता बास.

त्यांनी तुला निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "एर्सिलिया, तू गेलीस हे कुणाला सांगणार नाही. पण फिलोमेनाला सांग, मला आता आपल्या गावची घंटा ऐकायचीय."

तुझी,
ओर्नेला


रोक्कास्कुरा, २ ऑक्टोबर १९८८

ओर्नेला पोरी,

घाईत लिहितेय, हात पिठाचे आहेत.

दोनातोचा निरोप ताईला बारमधून फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "रस्ता झालाय का?" मी म्हटलं, झालाय. "मग रविवारी पाववाल्याबरोबर येते. आणि एर्सिली, मला दाराशी बसवू नकोस."

मी टेबल खिडकीशी ओढलंय. यंत्र आणलंय. आणि घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला जाऊन सांगून आलेय, की बाबा रे, रविवारी जरा ताकद लाव, ऑस्ट्रेलियात ऐकू जायला हवी.

आत्या